बेचाळीस इंचावर

वाल्मिक : काका, नुसती सही हवी आहे. वाचत बसायची गरज नाही. बाकीच्या दहा लूम-खात्यांत झाली, तुमचीच राहिली.

सुपडू : नुसती सही हाये तं मग वाचू दे ना, भाऊ. सातवी पास हाये मी. आज खात्याले सुट्टी, लूम सगये बंद. मले कुठं जायाचं नही.

वाल्मिक : बरं, वाचा.

सुपडू : 'मी, सुपडू उखा महाजन, लूम नंबर सहा, लिंबायत. डिझाईन चढवताना माझ्या हातून चुकीचं बटन दाबलं गेलं. नजर कमी झाल्यामुळे पदर अर्धवट विणला जात आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. पेटीत किंवा तिच्या प्रोग्राममध्ये कोणताही दोष नाही.' हे कोनी लिहिलं?

वाल्मिक : कंपनीनं. शब्दांवर जाऊ नका. सगळ्यांना तोच मजकूर आहे.

सुपडू : सगळ्यांले तोच? अकराच्या अकरा जणांची नजर एकाच आठवड्यात गेली? डोयांची साथ आली का सुरतमधी?

वाल्मिक : काका, रागवू नका. जेकार्डवर जी पेटी बसते ती आमची. कोणता धागा उचलायचा हे ती हुकांना सांगते. अशा सातशे पेट्या चालू आहेत. पेटीतच खोट असती तर सातशे ठिकाणी बोंब झाली असती. अकराच ठिकाणी झाली. म्हणजे चालवणाऱ्याचंच काहीतरी चुकलं.

सुपडू : पहिल्याच पदराले मले शंका आली. दुसऱ्याले मी लूम थांबवलं. खात्यावरच्या मास्तरले हाक मारली, म्हटलं, बघ, पोपट आले नहीत, वरची वेल आली नही, फांदीपासून पुन्हा खालची किनार सुरू झाली. तो काय म्हणला? 'कंप्युटर चुकत नाही, सुपडूकाका. तुम्ही चालवा.' चालवलं. सहा साड्या झाल्यावर शेठ आला, तं तोच मास्तर म्हणतो, म्हाताऱ्याले दिसत नही! एकतीस वरसं लूम चालवलं मी. आज पाच दिवस झाले, बॉबिन भरून राह्यलो पोरींमधी बसून.

वाल्मिक : सही केलीत तर शेठ विषय मिटवतील. मी बोललोय त्यांच्याशी.

सुपडू : विषय मिटंल. नजर कमी झाली हे कागदावर राहील का मिटंल?

सुषमा : आबा, पेन खाली ठेवा.

वाल्मिक : सुषमा? तू इथं? तू तर आज रजा टाकलीस.

सुषमा : हे माझे वडील आहेत, सर.

वाल्मिक : तुझे... कधी बोलली नाहीस.

सुषमा : नोकरीच्या फॉर्मवर लिहिलं होतं. वडिलांचा व्यवसाय, लूम कारागीर. तुम्हीच तपासला होता तो फॉर्म.

वाल्मिक : हे बघ, एका अर्थी बरंच झालं तू आलीस. तळाशी तुझी पण सही लागणार आहे. 'तपासले, दोष आढळला नाही.' पेटीतलं लिनक्स तू बांधतेस, तेव्हा तुझंच नाव पाहिजे.

सुपडू : बांधते म्हंजे काय करते ही? तीन वरसं झाली नोकरीले, मले अजून उमजलं नही.

सुषमा : पेटीच्या आत एक छोटा कंप्युटर असतो, आबा. त्याच्यावर लिनक्स चालतं. त्यात चारशे-साडेचारशे लहान-मोठे प्रोग्राम असतात, कोणी लिहिलेले, कुठून कुठून आणलेले. ते सगळे एकमेकांशी जुळतील असे बांधून एक संच करायचा आणि पेट्यांत पाठवायचा, हे माझं काम.

सुपडू : मग सांग. दोष हाये का नही?

वाल्मिक : सुषमा, विचार करून बोल.

सुषमा : आहे, आबा.

सुपडू : कधीपासून माहीत हाये तुले?

सुषमा : दोष आहे हे तुम्ही पहिल्या दिवशी तुटका पदर घरी आणलात तेव्हाच वाटलं. कशामुळे, ते काल सापडलं.

सुपडू : अन् पाच दिवस तू माझ्यासमोर बसून जेवली? मी ताटावर बसून म्हणत व्हतो का चष्मा बदलून घेतो, अन् तू भाकर मोडत व्हती?

सुषमा : कारण मला वाटलं चूक माझी आहे. पेटीच्या संचात जो शेवटचा बदल झाला, त्याखाली माझं नाव होतं. मी केलेलं मला आठवत नव्हतं, पण नाव माझं होतं. मला वाटलं, मीच काहीतरी घाईत केलं आणि माझ्या बापाची नजर माझ्यामुळं गेली. कसं बोलू? आधी शोधू म्हटलं.

सुपडू : आधी बोलायचं. मग शोधायचं. पोरी, मी स्वतःच्या डोयांवरचा भरवसा सोडला व्हता.

सुषमा : चुकलं माझं, आबा. ते चुकलंच.

वाल्मिक : हे घरचं तुम्ही घरी बोला. माझ्यापुढे कागद आहे.

सुषमा : कागद राहू द्या. आबा, पूर्वी जेकार्डला पुठ्ठ्याची कार्डं असायची ना? कागदावरची नक्षी पाहून त्यात भोकं पाडणारा माणूस असायचा.

सुपडू : हो. नवागामले एक जण व्हता, कार्ड पंच करायचा. त्याचा हात फिरला का साडी फिरली.

सुषमा : कंपायलर तसाच. माणसानं लिहिलेला प्रोग्राम तो यंत्राला कळेल असा करून देतो. आमचा कंपायलर जुना झाला होता, म्हणून मी नवा घेतला. नव्यात एक मोठा बदल केला. जुन्या पद्धतीत तारखेला चार घरं मिळायची. दोन हजार अडतीस साली ती चार घरं पुरणार नाहीत, कंप्युटरची तारीख उलटी फिरेल. म्हणून आता तारखेला आठ घरं दिली.

सुपडू : अडतीस सालच्या तारखेसाठी माझा पदर आज तुटला?

सुषमा : बदल बरोबर आहे, आबा. तो आज ना उद्या करावाच लागतो, जगभर करतात. पण करायचा तर सगळ्यांचा करायचा. डिझाईनसोबत एक चिठ्ठी जाते. आधी तारीख, मग हुका किती, मग पिक किती. पिक म्हणजे नक्षीला एकूण किती आडवे धागे, ते तुम्हाला माहीतच. चिठ्ठी लिहिणारा तारखेला आठ घरं देतो, आणि वाचणारा मात्र चारच मोजून पुढे जातो. मग काय होईल?

सुपडू : पुढचं सगयं सरकंल. एकाच्या जागी दुसरंच वाचंल.

सुषमा : तेच. म्हणून तीन महिने बसून मी एकेक प्रोग्राम नव्या कंपायलरनं पुन्हा बांधला. कोण कोणावर टेकलेला आहे ते बघून, त्या क्रमानं. एकच लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार प्रोग्राम, राहिली, चिठ्ठी वाचणारी. ती बाहेरच्या माणसाकडून घेतलेली आहे, मूळ लिखाण त्याच्याकडेच. तो म्हणाला, महिन्यानं देतो.

वाल्मिक : महिना! लग्नसराईच्या तोंडावर महिना! शेठलोकांना नवीन डिझाईनं चढवायची होती, नवीन पेट्या निघायच्या होत्या. तुला वरून कोणाचे फोन येत नाहीत, सुषमा. मला येतात.

सुषमा : म्हणून मी थांबा म्हटलं होतं. लेखी म्हटलं होतं, दोनदा.

वाल्मिक : ठीक आहे, गोष्ट झाली सांगून. पण ही तुझी कल्पना आहे. घरं, चिठ्ठी, तारीख. पदर त्यामुळेच तुटला याला पुरावा काय?

सुपडू : थांब जरा. मले एक विचारू दे. पोरी, माझ्या पदराले पिक किती हायेत? पुरे?

सुषमा : तीन हजार दोनशे.

सुपडू : इंचाले चौसष्ट. म्हंजे पन्नास इंचाचा पदर. बरोबर, पन्नासच असतो. मी धागे मोजायची काच लावून, टेप लावून मोजला व्हता. बेचाळीस इंचावर तुटतो. दर साडीले बेचाळीस. एक दोरा इकडं नही, तिकडं नही.

सुषमा : बेचाळीस इंच... म्हणजे पिक किती झाले?

सुपडू : बेचाळीस चौक... थांब. चौसष्ट चाळीस पंचवीसशे साठ. वर दोन इंचांचे एकशे अठ्ठावीस. सव्वीसशे अठ्ठ्याऐंशी.

सुषमा : सव्वीसशे अठ्ठ्याऐंशी?

सुपडू : अरे, ह्या तं माझ्या जेकार्डच्या हुका हायेत! बघ, पाटीवर लिहेल हाये. सव्वीसशे अठ्ठ्याऐंशी हुक.

सुषमा : सर, बघा. पिकांच्या जागी त्यानं हुकांचा आकडा वाचला. चार घरं मागं राहिला, म्हणजे एक आकडा. सव्वीसशे अठ्ठ्याऐंशीला त्याला वाटलं, नक्षी संपली.

वाल्मिक : योगायोग असू शकतो.

सुपडू : सुकदेवचा एकवीस इंचावर तुटला.

वाल्मिक : कोण सुकदेव?

सुपडू : ज्याचा अंगठा तू घेतला तो. पुढच्या गल्लीतल्या खात्यातला. जाता जाता मले भेटला, म्हणे, काका, आमचा एकवीस इंचावर तुटतो, तुमचा किती? एकवीस गुणिले चौसष्ट. तेराशे चव्वेचाळीस. अन् त्याच्या जेकार्डले हुका किती? तेराशे चव्वेचाळीस. अजून एक योगायोग?

वाल्मिक : हे बघा काका...

सुपडू : नही, तू बघ. चुकीचं बटन दाबलं म्हणतो तू. मले दाखव ते बटन. सुकदेवनं दाबलं तं एकवीस इंचावर तुटतं अन् मी दाबलं तं बेचाळीसवर, ते बटन कुठं हाये? दाबून दाखव.

सुषमा : आणि सातशे पेट्यांचं म्हणालात ना सर? हा अपडेट सातशे पेट्यांत गेलाच नाही. अकराच पेट्यांत गेला. आधी अकरांत पाठवून बघायचं, मग बाकीच्यांत, हा नियम मीच केलेला. ही ती अकरा खाती आहेत. यादी माझ्याकडे आहे.

वाल्मिक : यादी तुझ्याकडे, बदलाखाली नाव तुझं. मग कागदावर दोष लिहिलास तर तो कोणाचा ठरेल, कळतंय का तुला? मी तुलाच वाचवायला बघतोय.

सुषमा : मला वाचवायला अकरा माणसं आंधळी ठरवली?

सुपडू : पोरी, आधी लूम चालव. बोलणं नंतर. माझ्या समोर चालव.

सुषमा : पेटीत जुना संच चढवलाय मी, तुम्ही बोलत होतात तेव्हाच. नक्षी सव्वीसशे पन्नासपासून लावते, म्हणजे तुटायची जागा लगेच येईल. आबा, तुम्ही कापडाकडे बघा. सर, तुम्ही पडद्यावरच्या आकड्याकडे.

(लूम सुरू होतं. सुपडू कापडावर वाकतो. दोनेक मिनिटांनी सुपडू हात वर करतो आणि लूम थांबतं.)

सुपडू : गेला पुढं. अठ्ठ्याऐंशीच्या पुढं गेला. पानं आली. चोच दिसते.

सुषमा : किती झाले, सर?

वाल्मिक : दोन हजार नऊशे चार.

सुपडू : लूम तेच, माणूस तोच, चष्मा तोच. मग बदललं काय?

सुषमा : संच. आता बाकीचं ऐका. चिठ्ठी वाचणारी लायब्ररी तयार नव्हती, हे मला माहीत होतं. म्हणून मी कुलूप घातलं होतं, आबा. ती ज्या पायाभूत लायब्ररीवर टेकते, तिचं मी नावच बदललं. चिठ्ठी वाचणारी जुनी तिला शोधायला गेली तर ती सापडणार नाही, अपडेट तिथंच थांबेल आणि सांगेल, मी बसत नाही. थांबणं चालतं. चुकीचं चालणं चालत नाही.

सुपडू : मग थांबलं का नही?

सुषमा : कोणीतरी जुन्या नावाची पाटी नव्या लायब्ररीवर लावली. एका ओळीचं काम. जुनीला वाटलं, आपलंच माणूस आहे. कुलूप उघडलं. खाली नाव माझं, शनिवार सकाळ, अकरा वाजून चाळीस मिनिटं.

सुपडू : शनिवारी? शनिवारी तं आपण अमळनेरले व्हतो. तुझ्या मामाच्या दिपालीच्या हळदीले.

सुषमा : हो. अकरा चाळीसला माझ्या दोन्ही हातांना हळद होती, फोन आईच्या पिशवीत. काल बांधणीच्या सर्व्हरवरची नोंद काढली. माझ्या नावानं कोणी आत शिरलं, ते कोणत्या टेबलावरून, सगळं असतं तिथं. सर, मी बोलू का तुम्ही बोलता?

वाल्मिक : तूच पासवर्ड दिला होतास मला.

सुषमा : दिला होता. अडीअडचणीला लागला तर म्हणून. तुमच्यावर विश्वास होता म्हणून. तो द्यायला नको होता, ही माझी चूक, मी लिहिणार आहे ती.

वाल्मिक : अडचणच होती ती! शुक्रवारपासून आमच्या कंपनीच्या मालकाचा दर तासाला फोन. 'वाल्मिकभाई, शुं थयुं? पेटीओ क्यारे नीकळशे?' काय झालं, पेट्या कधी निघणार, एकच घोशा. मी चालवून बघितलं, पेटी सुरू झाली, डिझाईन दिसलं, विणायला लागली. दहा मिनिटं बघितलं मी उभा राहून.

सुपडू : दहा मिनिटं. बेचाळीस इंच विणाले अठरा मिनिटं लागतात, भाऊ.

वाल्मिक : मला काय माहीत, काका...

सुपडू : माहीत नव्हतं तं इचारायचं. अकरा माणसं उभी व्हती अकरा लूमवर. एकाले इचारलं असतं तरी सांगतलं असतं. पण नही. आमच्याकडं तू इचाराले आला नही. सही घ्याले आला.

वाल्मिक : माझं नाव पुढं आलं तर माझी नोकरी जाते. बारा वर्षं झाली मला. दोन मुलं आहेत.

सुपडू : सुकदेवले तीन हायेत. कुसुमबाई एकटी कमावती हाये, तिलेबी पंधरा दिवसांसाठी बसवलं घरी. तुझं नाव लपवाले आमची नावं लागली तुले. आमची काय फुकट पडेल व्हती का?

सुषमा : सर, सकाळी नऊ वाजता मी अपडेट मागे घेतला. अकराही पेट्यांना जुना संच परत जातोय. दहांनी घेतला, ही अकरावी.

वाल्मिक : कोणाला विचारून?

सुषमा : संच पाठवायची किल्ली माझ्याकडे आहे. पासवर्ड कालच बदलला. आणि हा दुसरा कागद. गुजरातीत, हिंदीत आणि मराठीत, एका पानावर. 'अमुक तारखेच्या अपडेटमधल्या दोषामुळे पदर अर्धवट विणला गेला. लूम चालवणाऱ्या कोणाचीही चूक नाही.' खाली अकरा जणांची नावं. त्याखाली कारण. पासवर्ड मी दिला, हे पण आहे. माझी सही झाली आहे.

वाल्मिक : आणि माझ्यासाठी जागा सोडली आहेस.

सुषमा : हो. तुम्ही केली नाहीत तरी कागद जाईल. नोंद जोडलेली आहे. पण तुम्ही केलीत तर शेठलोक लवकर ऐकतील. माझ्या वयाकडे बघून ते म्हणतील, पोरगी बापाला वाचवते आहे.

वाल्मिक : मालक मला दारात उभं करणार नाही.

सुषमा : कदाचित मलाही नाही.

सुपडू : मी काही म्हणत नही तुले, भाऊ. मले तुझी नोकरी जायला नको हाये. पण मी आज सही केली असती ना, तं ह्या पोरीनं उद्यापासून माझ्या हातात ताट देताना 'आबा, नीट धरा' म्हटलं असतं. आयुष्यभर. अन् मीबी नीट धरलं असतं. कागदाचं असं असतं.

वाल्मिक : माझा बाप पण नवागामला लूमवरच होता. त्याला पण एकदा असल्याच कागदावर...

सुपडू : काय?

वाल्मिक : काही नाही. पेन द्या.

सुषमा : इथं. आणि तारीख.

वाल्मिक : झाली. सोमवारी मालकाकडे मी स्वतः नेतो. तू येऊ नकोस माझ्यासोबत, दोघांना एकदम काढायला त्याला सोपं जाईल. ते जुने कागद माझ्याकडेच आहेत. दहा सह्या आहेत, फाडून टाकतो.

सुपडू : फाडू नको. ज्यांचे त्यांले परत दे. ज्याच्या त्याच्या हातानं फाडू दे.

वाल्मिक : बरोबर आहे. आता इथूनच निघतो. आधी कुसुमबाई, मग... सुकदेव कुठं भेटेल?

सुषमा : सुकदेवकाका नाहीत, सर.

वाल्मिक : नाहीत म्हणजे?

सुपडू : गेला गावाले. बायकापोरं घेऊन, परवा. पारोळ्याकडं कुठंतरी. शेठनं सगळ्यांसमोर म्हटलं, तूच कबूल केलं अंगठा देऊन. त्याले कायी माहीत त्याच्यात काय लिहेल व्हतं? तो म्हणे, काका, मी कशाले अंगठा दिला तेच मले समजलं नही. फोन लागत नही त्याचा.

वाल्मिक : मी वाचून नव्हतं दाखवलं त्याला.

सुपडू : हो. तेबी सांगतलं त्यानं.

वाल्मिक : पारोळ्याला कसं जायचं, काका?

सुपडू : उधन्याहून भुसावळकडची गाडी धर. अमळनेरले उतर, तिथून एसटी. गावचं नाव मी इचारून ठेवतो.

वाल्मिक : हा नवा कागद नेतो त्याच्यासाठी. झेरॉक्स काढून.

सुपडू : कागद नको नेऊ. तोंडानं सांग त्याले.